कौल, नवस आणि ईश्वरी मार्गदर्शन : पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेचे स्वरूप

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात म्हसा या गावी पौष पौर्णिमेस मोठी यात्रा भरते. गुरांच्या बाजाराबद्दल तिची ख्याती आहे. परंतु दूरदूरहून येणाऱ्या भाविकांच्या दृष्टीने तेथील मुख्य कार्य नवस फेडणे हे होय. पाठीला गळ टोचून घेण्याची नवसफेडीची कठोर रीतही तेथे चालत आलेली आहे. नवसामध्ये मनुष्य आपली इच्छा देवापुढे मांडतो आणि ती पुरी झाल्यास आपण काय देऊ हे आधीच बोलून ठेवतो. दक्षिण कोकणातील देवस्थानांत रूढ असलेला कौल याहून भिन्न आहे. तेथे देवाला लावलेली फुले वा तांदूळ कोणत्या बाजूने पडतात यावरून होकार किंवा नकार समजला जातो. नवसात इच्छा मनुष्याची असून सामर्थ्य देवाचे असते. कौलात निर्णयच देवाकडे सोपविला जातो.

ख्रिस्ती धर्मात ज्याला ईश्वरी मार्गदर्शन म्हणतात, त्याचे स्वरूप या दोहोंच्या तुलनेने अधिक स्पष्ट होते. नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात स्वतःच्या बुद्धीवर विसंबून न राहता सर्वभावे परमेश्वरावर भाव ठेवण्याचा उपदेश आहे. गेथशेमाने बागेतील येशूच्या प्रार्थनेत हाच उपदेश आचरणात उतरलेला दिसतो. तेथे आपली इच्छा स्पष्ट बोलून दाखविल्यावर ती पित्याच्या इच्छेखाली ठेवली आहे. बायबलात कौलासारखे प्रकार मुळीच नाहीत असे मात्र नव्हे. शास्त्यांच्या पुस्तकात गिदोन लोकर खळ्यात ठेवून तिच्यावर दव पडण्याची खूण मागतो. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून होते. तथापि परमेश्वराची परीक्षा पाहू नये हे वचन येशूने अरण्यातील मोहाच्या प्रसंगी पुढे केले, आणि योहानाच्या पहिल्या पत्रात प्रत्येक आत्म्यावर विश्वास न ठेवता त्याची पारख करावी असे बजावले आहे. पारख करावयाची तर बुद्धी हवीच. अशा रीतीने स्वतःच्या बुद्धीवर विसंबू नये आणि बुद्धीने पारख केल्यावाचून राहू नये, अशा दोन आज्ञा श्रद्धावंतापुढे एकाच वेळी उभ्या राहतात.

हा पेच प्रत्यक्ष जीवनात कसा सुटतो, याचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे चरित्र होय.

रमाबाईंचा देवावरील भरवसा ख्रिस्ती झाल्यावर प्रथम उत्पन्न झाला असे नाही. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे सहकुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत फिरणारे विद्वान ब्राह्मण होते. १८७४ पासूनच्या दुष्काळी दिवसांत या कुटुंबाने जवळचे सर्व द्रव्य देवपूजा, दानधर्म व अनुष्ठाने यांत खर्च केले आणि देव प्रसन्न होण्याची वाट पाहिली. देव प्रसन्न झाला नाही. वडील, आई व थोरली बहीण यांचा अंत झाला; रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास एवढीच दोघे उरली. पुढे १९०७ साली लिहिलेल्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात त्यांनी हा काळ तपशिलाने वर्णिला आहे. शास्त्राभ्यासात वाढलेल्या या कुटुंबाला अंगमेहनतीने पोट भरण्याची विद्या अवगत नव्हती, हे त्यांनी तेथे उघडपणे सांगितले आहे. जिने एकदा देवावर सर्वस्व टाकून आपली माणसे गमावली, तिने पुन्हा देवावर सर्वस्व टाकावे ही गोष्ट सामान्य नव्हे. पहिला भरवसा आणि दुसरा भरवसा यांत भेद कोणता, हाच येथे खरा प्रश्न आहे.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या काळात सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला असून तो या विषयाच्या अभ्यासकाने अवश्य वाचावा असा आहे. त्रैक्याच्या सिद्धान्तापासून पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याच्या प्रश्नापर्यंत अनेक बाबतींत चर्चच्या वडीलधाऱ्यांचा शब्द प्रमाण मानावा, असा आग्रह त्यांना होत होता. रमाबाईंनी तो मानला नाही. पुरोहितवर्गाच्या अधिकारातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसऱ्या एका पुरोहितवर्गाच्या अधीन होण्यास त्यांची सदसद्विवेकबुद्धी तयार नव्हती. स्वतःच्या बुद्धीवर विसंबू नये हे वचन त्यांनी दुसऱ्या मनुष्यांच्या बुद्धीवर विसंबावे या अर्थाने घेतले नाही. ईश्वराला शरण जाणे आणि ईश्वराच्या नावाने बोलणाऱ्या मनुष्याला शरण जाणे या दोन गोष्टी त्यांनी काटेकोरपणे वेगळ्या ठेवल्या.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले व पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. संस्थेला अमेरिकेतील मंडळाचे दहा वर्षांचे साहाय्य होते. ती मुदत संपल्यावर संस्थेस कायमचे उत्पन्न असावे म्हणून केडगाव येथे जमीन घेण्यात आली व फळझाडे लावण्यात आली. हा सर्वस्वी व्यवहारबुद्धीचा निर्णय होता. याच सुमारास जॉर्ज म्यूलर, हडसन टेलर यांसारख्या व्यक्तींची चरित्रे रमाबाईंच्या वाचनात आली. म्यूलर यांनी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे कोणाही मनुष्यापाशी पैसा न मागता, केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथालये चालविली होती. जे तेथे घडले ते हिंदुस्थानात घडू शकेल काय, हा प्रश्न रमाबाईंनी स्वतःस विचारला.

उत्तर देण्याची वेळ लवकरच आली. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात उपासमार सुरू झाली. हाती पुरेसा पैसा नव्हता. परंतु आपल्या तारुण्यातील दुष्काळाच्या स्मृतीने रमाबाईंना स्वस्थ बसू दिले नाही; आपल्याला वाचविले ते यासाठीच, असा त्या स्मृतीचा अर्थ त्यांनी केला. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व विधवा यांना घेऊन आल्या. प्लेगच्या दिवसांत पुणे शहरात त्यांना ठेवता येईना, तेव्हा उत्पन्नासाठी घेतलेली केडगावची जमीनच त्यांचे आश्रयस्थान झाली. तेथील संस्थेला ‘मुक्ती’ हे नाव मिळाले. १९०० च्या सुमारास तेथील वस्ती दीड हजारांच्या घरात गेली होती.

दूरदृष्टीने घेतलेली जमीन नसती तर श्रद्धेने आणलेल्या मुलींना छप्पर कोठले मिळाले असते? आणि केवळ हिशेब पाहिला असता तर त्या मुली आणल्याच गेल्या नसत्या. रमाबाईंच्या व्यवहारात बुद्धीने साधने जमविली. त्यांचा विनियोग कोणासाठी व किती व्हावा ही मर्यादा मात्र बुद्धीला ठरवू दिली नाही. शिवाय मुक्तीतील जीवन हे प्रार्थनेचे तसेच श्रमाचे होते. विहिरी खणणे, शेती, विणकाम, छपाई ही कामे तेथे मुली शिकल्या. डोंगरे कुटुंबाच्या भरवशात हाताला काम नव्हते. मुक्तीच्या भरवशात होते. दोन श्रद्धांमधील हा भेद केवळ दैवत बदलल्याने पडलेला नाही. पहिलीत देवाने आपले इच्छित पुरवावे ही अपेक्षा होती; दुसरीत देव आपल्याकडून काय करवू इच्छितो याची विचारणा होती.

या विवेचनाची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. ज्याला श्रद्धावंत ईश्वरी प्रेरणा म्हणतो ती बाहेरच्या मनुष्याला पडताळून पाहता येत नाही, आणि तिचे परिणाम पुष्कळदा दुसऱ्यांना भोगावे लागतात. १८९३ मध्ये शारदा सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडत असल्यावरून वाद माजला आणि रानडे व भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. धर्माच्या बाबतीत तटस्थतेच्या आश्वासनावर विसंबलेल्या पालकांच्या दृष्टीने रमाबाईंची अंतःप्रेरणा हे पुरेसे उत्तर नव्हते. कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला तो आपल्या अंतःकरणाच्या साक्षीवर. परंतु त्यानंतरचा ताटातुटीचा काळ लक्ष्मीबाईंना सोसावा लागला. पुढे १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला, तेव्हाही घराला निश्चित उत्पन्नाचा आधार राहिला नाही. ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात प्रेरणेने चालणाऱ्या पुरुषाच्या संसाराची बाजू लक्ष्मीबाईंनी प्रेमाने, विनोदाने, परंतु काही न लपविता मांडली आहे. ईश्वरी मार्गदर्शनाची चर्चा करताना ही साक्ष वगळून चालणार नाही.

तेव्हा मार्गदर्शन खरे कोणते हे ओळखण्याची कसोटी, या चरित्रांवरून पाहता, तीन अंगांची दिसते. त्या प्रेरणेने मनुष्य दुसऱ्या मनुष्याचा दास होत नाही. ती त्याला कष्टातून सोडवीत नाही, उलट अधिक कष्टांत घालते. आणि तिची किंमत तो स्वतः प्रथम मोजतो. रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम चालविले होते. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. तरीही काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत ते तडीस गेले होते. व्याकरण आणि कोश घेऊन शब्दामागून शब्द पारखण्याचे हे काम बुद्धीचे होते, आणि ज्याचा शब्द पारखावयाचा त्याच्यावरील विश्वासाचेही होते. रमाबाईंच्या ठायी या दोन शक्ती परस्परांच्या वैरी नव्हत्या.