पुरस्कार दिला कोणी?

जत्रेत कुस्ती सुटते तेव्हा पंचाचा हात वर जायच्या आधीच लोकांचा निकाल लागलेला असतो. पाठ मातीला टेकली की नाही, हे कडेला बसलेल्या पोरालाही दिसतं, आणि पंच चुकला तर फड त्याला सोडत नाही. चित्रपट महोत्सवातल्या परीक्षकांना ही धास्ती नसते. तीन, पाच, सात, फार तर नऊ माणसं काही दिवस अंधारात बसून दीड-दोन डझन चित्रपट बघतात, मग बंद दाराआड वाद घालतात. बाहेर येते ती केवळ विजेत्यांची यादी. दुसऱ्या दिवशी आपल्याकडे बातमी छापून येते: अमुक मराठी चित्रपटाला तमुक देशात पुरस्कार. तो कोणी दिला, हे त्या बातमीत सहसा नसतं. आणि गंमत तर तिथेच असते.

बीड जिल्ह्यातल्या उमापूरला बसून ही चौकशी कशाला, असं कोणी म्हणेल. कारण अलीकडचा सगळ्यांत बोलका दाखला उमापूरच्या शेजारचाच आहे. उमापूर गेवराई तालुक्यात. तालुक्याला लागून शेवगाव, म्हणजे अहिल्यानगर जिल्हा. त्याच जिल्ह्यातल्या ग्रामीण भागात रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ची गोष्ट घडते. वडील गेल्यावर मुंबईचा तिशीतला आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. भाऊबंद लग्नाचा विषय काढत राहतात, आणि बालमित्र बाळ्याशी त्याचं जुनं नातं पुन्हा उमलतं. तिथली बोली, तिथले दहाव्याचे विधी, तिथल्या शेळ्या. जानेवारी २०२५मध्ये हा चित्रपट अमेरिकेत सनडान्स महोत्सवात दाखवला गेला आणि त्याला जागतिक कथाचित्र विभागाचा सर्वोच्च परीक्षक पुरस्कार मिळाला. सनडान्सला पोहोचलेला हा पहिलाच मराठी चित्रपट.

निर्णय तिघांचा होता. डॅनियल कलूया हा लंडनचा ऑस्करविजेता नट. आव्हा काहेन या फ्रेंच समीक्षक. कान महोत्सवातला ‘समीक्षक सप्ताह’ त्यांच्या देखरेखीखाली चालतो. तिसऱ्या केनियाच्या दिग्दर्शिका वानुरी काहियू. त्यांच्या ‘रफिकी’त दोन तरुण मुलींचं प्रेम आहे. २०१८मध्ये तो कानला गेला, आणि त्यांच्या स्वतःच्या देशात त्यावर बंदी आली. पुढे न्यायालयाने जेमतेम आठवडाभर तो दाखवायची मुभा दिली. म्हणून त्यांनी ‘साबर बोंडं’ला झुकतं माप दिलं, असं म्हणणं अन्यायाचं होईल, खोलीत काय बोललं गेलं ते त्या तिघांनाच ठाऊक. पण सुतकाच्या घरातली ती दबलेली कुजबुज समजायला मराठी यावं लागत नाही, एवढं नक्की.

अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ची कहाणी मला याहून आवडते. फेब्रुवारी २०१४मध्ये बर्लिन महोत्सवाच्या बालविभागात त्याला ‘क्रिस्टल बेअर’ मिळालं, आणि ते देणारे परीक्षक होते ११ ते १४ वर्षांची मुलं. बर्लिनमध्ये या विभागाचा निकाल खरोखरच मुलांच्या हाती असतो. मोठ्यांचं परीक्षक मंडळ वेगळं. ‘किल्ला’चा नायक चिन्मय अकरा वर्षांचा. वडील वारलेत, आईची कोकणात बदली झालीय, नव्या शाळेत जुने मित्र नाहीत. म्हणजे पोराची गोष्ट त्याच्याच वयाच्या पोरांपुढे निवाड्याला गेली. आपल्याकडे बालचित्रपटांचे निकाल कोण लावतं, याचा विचार करून पाहावा.

चैतन्य ताम्हाणे यांच्या बाबतीत तर खुर्चीच फिरली. २०१४मध्ये व्हेनिसच्या ‘ओरिझोंती’ विभागात ‘कोर्ट’ सर्वोत्कृष्ट ठरला. त्या मंडळाच्या अध्यक्ष हाँगकाँगच्या दिग्दर्शिका ॲन हुई, आणि सदस्यांत चाडचे महामत-सालेह हारून होते, तशी अमेरिकेतली गाजलेली ‘सोप्रानोज’ मालिका लिहिणारे डेव्हिड चेसही होते. पदार्पणातल्या चित्रपटाचा ‘भविष्याचा सिंह’ हा पुरस्कारही ‘कोर्ट’लाच मिळाला. तो देणारं मंडळ निराळं. त्याच्या अध्यक्ष इटलीच्या ॲलिचे रोरवाकर. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन खोल्यांत एकाच मराठी चित्रपटावर एकमत झालं. माझ्या लेखी पुरस्कारांच्या संख्येपेक्षा ही गोष्ट मोठी. दोनच वर्षांनी, २०१६मध्ये, त्याच ‘ओरिझोंती’च्या परीक्षक मंडळात ताम्हाणे स्वतः बसले. पुढे २०२०मध्ये ‘द डिसायपल’ला व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत पटकथेचा पुरस्कार मिळाला, तेव्हा अध्यक्षपदी केट ब्लँचेट होत्या.

विजेत्याला परीक्षक करायचं, ही महोत्सवांची जुनी रीत. पायल कपाडिया यांना २०२४मध्ये कानला ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’साठी ग्राँ प्री मिळाला आणि २०२५मध्ये ज्युलिएट बिनोश यांच्या अध्यक्षतेखालच्या नऊ जणांत त्या होत्या. मराठी नावांत स्मिता पाटील यांचं नाव फार कमी वेळा आठवलं जातं: १९८४मध्ये माँट्रियलच्या महोत्सवात त्या परीक्षक होत्या.

आता जरा मागे जाऊ. प्रभातच्या ‘संत तुकाराम’बद्दल आपल्याकडे एक वाक्य पिढ्यानपिढ्या छापलं जातं: व्हेनिसला जगातल्या तीन उत्कृष्ट चित्रपटांत त्याची निवड झाली. १९३७च्या महोत्सवात परीक्षकांनी त्याचा खास गौरव केला, हे खरं. दामले-फत्तेलालांच्या कामाला आणि विष्णुपंत पागनिसांच्या तुकोबाला तो शोभतोच. पण हे परीक्षक कोण? काळ मुसोलिनीचा. सर्वोच्च पुरस्काराचं नावच ‘मुसोलिनी चषक’. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष जुझेप्पे व्होल्पी हे मुसोलिनीचे माजी अर्थमंत्री. त्याच वर्षी झाँ रन्वार यांच्या ‘ला ग्राँद इल्युझियाँ’ या युद्धविरोधी चित्रपटालाही तिथे पुरस्कार मिळाला, आणि पुढे इटलीत त्यावर बंदी आली. १९३८मध्ये चषक लेनी रिफेनश्टालच्या ‘ऑलिंपिया’ला आणि एका इटालियन वैमानिकपटाला गेला. बर्लिन आणि रोमने ठरवलेला निकाल, म्हणून फ्रेंच आणि ब्रिटिश प्रतिनिधी संतापले. फ्रान्समधल्या फिलिप एर्लांजे यांनी मग स्वतंत्र महोत्सवाची कल्पना पुढे रेटली. १९३९मध्ये महायुद्धाने तो बेत मोडला आणि १९४६मध्ये कान महोत्सव उभा राहिला. म्हणजे आज जगातली सर्वांत मानाची समजली जाणारी परीक्षकांची खुर्ची परीक्षकांवरच्या रागातून जन्मली. ‘तुकाराम’चा मान यामुळे कमी होत नाही, उलट देहूच्या वाण्याची गोष्ट त्या वातावरणातही लोकांना भिडली, याचं नवल वाटतं.

मराठी माणूस अशा मंडळांत पोहोचला तो बहुतेक फिल्म सोसायटीच्या वाटेने. मुंबईत १९६८मध्ये ‘प्रभात चित्र मंडळ’ सुरू झालं. तिथे घडलेल्या सुधीर नांदगावकर आणि अशोक राणे यांनी समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेशी, फिप्रेसीशी, मराठी नाव जोडलं. फिप्रेसीचे परीक्षक जगभरच्या महोत्सवांत स्वतंत्र पुरस्कार देतात. ‘डिसायपल’ला व्हेनिसमध्ये तोही मिळाला होता. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि चित्रपट संग्रहालयाचा रसास्वाद वर्ग आहे. उमापूरकरांना त्यातल्या त्यात जवळचा म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा अजिंठा-वेरूळ महोत्सव: गेवराईला यायचं, शहागडला गोदावरी ओलांडायची, की पुढे सरळ महामार्ग. तिथल्या स्पर्धेत ‘सुवर्ण कैलास’ दिला जातो. अशोक राणे त्याचे संचालक होते.

भारतातल्या परीक्षकांची नावं मात्र आपण भांडण झालं तरच वाचतो. १९६५च्या पहिल्या स्पर्धात्मक इफ्फीचे, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे, परीक्षक-अध्यक्ष सत्यजित राय होते, हे फारसं कुणाला माहीत नाही. नदाव लापिद हे नाव मात्र सगळ्यांना ठाऊक. २८ नोव्हेंबर २०२२ला गोव्यात समारोपाच्या मंचावर या इस्रायली अध्यक्षांनी ‘द काश्मीर फाइल्स’ला प्रचारकी आणि बीभत्स म्हटलं. मंडळातले भारतीय सदस्य सुदीप्तो सेन यांनी ते लापिद यांचं वैयक्तिक मत असल्याचं सांगितलं. उरलेल्या तिघांनी काही दिवसांतच आपण अध्यक्षांच्या बाजूने असल्याचं जाहीर केलं. लापिद बरोबर की चूक, हा वाद वेगळा. पण बंद खोलीतला मतभेद इतका उघड होणं आपल्याला झेपलं नाही, हे उघड होतं.

माझ्या मते त्याहून गंभीर प्रकार पाच वर्षं आधी झाला होता, आणि तो एका मराठी चित्रपटाचा होता. इफ्फीत दोन जातीचे परीक्षक असतात: स्पर्धेत पुरस्कार देणारे, आणि ‘इंडियन पॅनोरमा’साठी देशभरातले चित्रपट निवडणारे. २०१७मध्ये पॅनोरमाच्या तेरा जणांच्या मंडळाने रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ची निवड केली, तीही उद्घाटनासाठी. जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकारांसमोर विवस्त्र बसून मुलाला शिकवणाऱ्या बाईची ती गोष्ट. माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने अंतिम यादीतून ‘न्यूड’ आणि मल्याळम ‘एस दुर्गा’ दोन्ही गाळले. मंडळाला न विचारता. अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. अपूर्व असराणी आणि ग्यान कोरिया त्यांच्यामागोमाग बाहेर पडले. ‘एस दुर्गा’चे दिग्दर्शक सनलकुमार शशिधरन केरळ उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने दाखवायचा आदेश दिला, परीक्षकांनी चित्रपट पुन्हा पाहिला, आणि ऐन वेळी सेन्सॉरचं प्रमाणपत्रच रोखलं गेलं. महोत्सव संपला.

‘न्यूड’ सेन्सॉर मंडळाकडे गेला तेव्हा तिथेही खास समिती बसली. तिच्या प्रमुख विद्या बालन. २०१३मध्ये कानच्या परीक्षक मंडळात त्या बसल्या होत्या. समितीने प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र दिलं, एकही दृश्य न कापता. २७ एप्रिल २०१८ला चित्रपट प्रदर्शित झाला. गोव्यातल्या प्रतिनिधींना जो दाखवायला नको होता, तो आता तिकीट काढून कोणालाही बघता येत होता.