वॅट वाढवण्याआधी पेटी सुधारा!
(गाडीतील घरगुती सबवूफरविषयी चार उपयुक्त गोष्टी)



उसाचे बिल हातात आले की घरातील तरुण मंडळींच्या मागण्या सुरू होतात. त्यात हल्ली गाडीतल्या 'साऊंड'चा नंबर वर असतो. वूफर बाजारातून आणायचा आणि पेटी गावच्या सुताराकडून करून घ्यायची, अशी पद्धत पडली आहे. पद्धत चांगली आहे, पैसाही वाचतो. पण पुष्कळदा बेस धड लागत नाही. नुसती घरघर ऐकू येते. मग दोष अ‍ॅम्प्लिफायरला दिला जातो आणि मोठा आणण्याचा हट्ट सुरू होतो. अशा वेळी खिशात हात घालण्यापूर्वी पेटी तपासावी.

पेटी कशासाठी? वूफरचा कागद पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. या दोन लाटा एकमेकींना भेटल्या की परस्परांना मारतात आणि बेस नाहीसा होतो. मागची लाट कोंडून ठेवणे हे पेटीचे पहिले काम. म्हणजेच पेटी हवाबंद हवी. बारीक फट राहिली तरी तिथून हवा फुसफुसते. आतून सर्व सांध्यांना सिलिकॉन भरावे, वूफरच्या कड्याखाली फोमची पट्टी द्यावी, तारेचे भोकही बुजवावे. बंद पेटीतील वूफरचा कागद चारी बोटांनी हळूच आत दाबून सोडा. तो सावकाश परत आला तर पेटी ठीक. झटकन आला तर कुठेतरी गळती आहे असे समजावे.

माप अंदाजाने नको. वूफरबरोबरच्या कागदावर पेटी किती लिटरची हवी ते दिलेले असते. आतली लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून १००० ने भागले की लिटर निघतात. ४० × ३३ × २५ चे ३३,००० होतात, म्हणजे ३३ लिटर. १२ इंची वूफरच्या बंद पेटीला पुष्कळदा एवढेच माप लागते. वूफरने व आतल्या आडपट्ट्यांनी अडवलेली जागा यातून वजा धरावी. पेटी फार लहान झाली तर एकच सूर 'बूं बूं' करतो. फार मोठी झाली तर कागद सैल हलतो व जोराच्या आवाजात फाटण्याची भीती असते. नळीवाल्या पेटीत नळीची लांबीही मोजूनच घ्यावी लागते. नवशिक्याने बंद पेटीच करावी.

लाकूड. १८ मिलिमीटरचे प्लायवुड किंवा एमडीएफ घ्यावे, मध्ये एक आडपट्टी ठोकावी. वाजताना फळीवर हात ठेवा. फळी थरथरत असेल तर बेसची ताकद तिथेच वाया जाते.

तारा. वूफरच्या दोन तारा एकदा उलटसुलट करून चालकाच्या जागेवर बसून ऐका. दारातल्या स्पीकरशी मेळ बसला की बेस लगेच भरीव लागतो. याला पैसा लागत नाही. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. पत्र्यातून तार जाते तिथे रबरी वायसर घालावा, नाहीतर तार घासून गाडी पेटू शकते.

वॅटचा हिशेब. १०० वॅटचे २०० केले तर आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो, तो कानाला जेमतेम जाणवतो. दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट वॅट लागतात. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, तसेच हे आहे.

ट्रॅक्टरचे काय? बंद मोटारीत काचा लावल्या की खोलीचा बेस आपोआप वाढतो. ट्रॅक्टर उघडा असतो, त्यामुळे हा फायदा तिथे मिळत नाही. तिथे कितीही चांगली पेटी बसवली तरी बेस हवेत जातो, आणि म्हणूनच पोरे बटण शेवटपर्यंत फिरवतात. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे, रात्रीची वेळ, आणि मागच्या गाडीचा हॉर्न चालकाला ऐकू येत नाही. यात कुणाचा तरी जीव जाऊ शकतो. कानाचेही तसेच आहे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसावा, पण दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती अवघी पंधरा मिनिटे उरते. एकदा गेलेले ऐकू येणे परत येत नाही.

तेव्हा हौस जरूर करावी, पण मोटारीत करावी आणि मोजून करावी. ट्रॅक्टरवरची पेटी मात्र गळीत हंगामापुरती तरी घरी उतरवून ठेवावी, अशी सर्व सभासद, वाहनमालक व चालक बंधूंना आग्रहाची विनंती आहे.