तळणीच्या भट्टीतील वायुपालट

मुंबईपुण्यातील एखादा फरसाणवाला मागच्या बोळातली सिलिंडरांची रांग हलवून पाइपगॅसची जोडणी घेतो आणि जुना फ्रायर जसाच्या तसा तिला लावून देतो, तेव्हा कारागीर, पीठ व तेल यांपैकी काहीही बदललेले नसताना वडे अकस्मात तेल पिऊ लागतात. मालक परस्पर असा निकाल देतो, की नवा गॅस ‘हलका’ आहे. या निकालात तथ्याचा अंश असला, तरी खरा अपराधी बर्नरच्या तोंडाशी बसवलेल्या, हरभऱ्याएवढ्या पितळी जेटमधले छिद्र हाच असतो.

सिलिंडरातला वायू म्हणजे प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण. तो हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. नळातून येणारा वायू मुख्यत्वे मिथेन असून तो हवेहून बराच हलका असतो. एक घनमीटर प्रोपेन पुरता जळण्यास सुमारे २४ घनमीटर हवा लागते, मिथेनला साडेनऊ पुरते, आणि उष्णतेचे प्रमाणही जवळजवळ याच हिशेबाने घटते. तथापि हलका वायू त्याच छिद्रातून अधिक वेगाने निसटत असल्याने तोट्याची काहीशी भरपाई होते. ती मोजण्यासाठी उष्मांकाला सापेक्ष घनतेच्या वर्गमुळाने भागतात. येणारा अंक इटलीच्या गोफ्रेदो वोबे यांच्या नावाने ओळखला जातो. सिलिंडरच्या वायूसाठी तो नैसर्गिक वायूच्या सुमारे १.६ पट भरतो. कमी दाबाच्या उपकरणात सिलिंडरचा दाब ३० मिलिबार आणि पाइपगॅसचा २१ धरला, तर तेवढीच उष्णता मिळवण्यास छिद्राचे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट, म्हणजे व्यास १ मिलिमीटरऐवजी सुमारे १.४ मिलिमीटर ठेवावा लागतो.

जुनेच जेट राहिले, की बर्नर निम्म्याच उष्णतेवर कारभार हाकतो. घाणा कढईत पडला, की प्रत्येक ग्रॅम पाण्याची वाफ होताना तेलातून सुमारे ५४० कॅलरी ओढल्या जातात; १८० अंशांचे तेल उतरते, ते वेळेत पुन्हा चढत नाही, कवच धरण्यास उशीर होतो आणि वडा तेलकट होतो. उलट पाइपगॅसचे जेट सिलिंडरवर वापरले, तर दुप्पट वायू सुटतो, त्याला पुरेशी हवा मिळत नाही, ज्योत पिवळी पडते, काजळी धरते आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. पहिल्या चुकीत धंद्याचे नुकसान आहे, दुसरीत माणसाचे.

जेट सुईने वा हाताशी असलेल्या ड्रिलने मोठे करण्याचा प्रघात मला मुळीच मान्य नाही. छिद्र गोल व स्वच्छ कडांचे असेल, तरच वायूचा झोत सरळ जाऊन बर्नरच्या नळीत योग्य प्रमाणात हवा ओढतो. ही नळीही तपासून घ्यावी, कारण बंद पडून राहिलेल्या फ्रायरच्या नळीत कोळी जाळे विणतो आणि तेवढ्या अडथळ्यानेही ज्योत पिवळी होते. जेटांबरोबर गॅस व्हाल्वमधील दाबाची स्प्रिंगही बदलावी लागते, आणि तिसरी वस्तू बहुधा विसरली जाते, ती पायलटचे जेट.

या विसराचा परिणाम विलक्षण असतो. पायलटच्या ज्योतीत थर्मोपाइल बसवलेली असते. दोन भिन्न धातूंचे सांधे असमान तापले, की विद्युत्‌ उत्पन्न होते, हे सीबेक यांनी १८२१ मध्ये दाखवले होते; असे अनेक सांधे एकापुढे एक जोडून सुमारे ७५० मिलिव्होल्ट मिळवतात आणि त्यांच्या बळावर व्हाल्व उघडा राहतो. बाहेरची वीज येथे लागतच नाही. ज्योत स्वतःच आपल्या दरवाजाची पहारेकरी असते, आणि ती विझली, की थोड्याच वेळात दरवाजा बंद होतो. जुन्या, बारीक पायलट जेटातून आलेली तोकडी ज्योत थर्मोपाइलला पुरते वेढत नाही, मिलिव्होल्ट घटतात. बटण सोडताच पायलट विझतो किंवा तो जळत असूनही मुख्य बर्नर पेटत नाही. मेकॅनिक नाहक नवी थर्मोपाइल बसवतो. आधी मल्टिमीटर लावावा.

त्याच मंडलात अतितापाचा कटआउट असतो. तेल सुमारे २३० अंशांवर गेले, की तो पुरवठा तोडतो. तो वारंवार पडतो म्हणून तार जोडून ‘डायरेक्ट’ करणारे कारागीर मी पाहिले आहेत. साडेतीनशे अंशांच्या पुढे तेल ठिणगीवाचूनही पेट घेते, याची त्यांना कल्पना नसते. कटआउट का पडतो, याची चौकशी थर्मोस्टॅटपासून सुरू करावी.

काम संपल्यावर सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत, काडीने कदापि नाही. जुने गळती-सूचक यंत्रही जमिनीजवळून काढून छताजवळ बसवावे लागते, कारण सिलिंडरचा वायू खाली साचतो आणि मिथेन वर चढतो. फ्रायरच्या धातुपट्टीवरील वायूचे नाव व दाब बदलून नवी नोंद करावी. जुन्या बाजारात असा फ्रायर उद्या दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या हाती पडेल, तेव्हा त्याच्या मेकॅनिकला दुसरा कोणताही दस्तऐवज उपलब्ध नसेल.