'उंदराचं औषध' म्हणजे नक्की कोणतं?

मागच्या दिवाळीत आत्याचा गावाहून फोन आला. शेजारच्या अडीच वर्षांच्या पोराने उंदराचं औषध तोंडात घातलं होतं. "तू औषधांवरच पीएचडी करतेस ना, सांग काय द्यायचं?" मागून कोणीतरी म्हणत होतं, मिठाचं पाणी पाजा, उलटी काढा.

मी आधी ते थांबवलं. मिठाच्या पाण्याने लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम इतकं वाढू शकतं की तेच जिवावर बेतावं. मग विचारलं, पाकिटावर काय लिहिलंय? पाकीट सापडत नव्हतं.

मला पाकीटच का हवं होतं? कारण आपल्याकडे 'उंदराचं औषध' या एकाच नावाखाली निदान तीन अगदी वेगळी विषं घरात असतात. काळसर भुकटी असेल तर बहुधा झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी त्याचा संयोग झाला की फॉस्फीन वायू तयार होतो. काही तासांतच हृदय आणि रक्तदाब कोसळू शकतो, आणि उतारा नाही. ट्यूबमधली पेस्ट असेल तर पिवळा फॉस्फरस. हा सगळ्यात फसवा: थोड्या उलट्या होतात, मग माणूस बरा वाटतो, घरी नेतात, आणि दोन-तीन दिवसांनी यकृत निकामी व्हायला लागतं. रंगीत वडी असेल तर बऱ्याचदा ब्रोमॅडिओलोन. ते शरीरातल्या 'के' जीवनसत्त्वाचं चक्र अडवतं, त्यामुळे रक्त गोठवणारे घटक नव्याने बनत नाहीत. पण आधीचा साठा दीड-दोन दिवस पुरतो, म्हणून पहिल्या दिवशीची रक्ततपासणी नॉर्मल येऊ शकते! याला मात्र उतारा आहे, के-1 जीवनसत्त्व.

आता तालुक्याच्या डॉक्टरने हे सगळं रात्री अकरा वाजता आठवायचं का? विषबाधा माहिती केंद्र असतं ते याचसाठी. 1953 साली शिकागोत असं पहिलं केंद्र सुरू झालं. त्याआधीपासून तिथले लुई गडलमन नावाचे एक फार्मासिस्ट घरगुती वस्तूंमध्ये काय काय विषारी असतं ते कार्डांवर टिपून ठेवत आणि डॉक्टरांच्या फोनना उत्तरं देत. आजही कामाचा गाभा तोच, फक्त कार्डांच्या जागी डेटाबेस आला. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये 1995 पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, चोवीस तास: 1800 116 117. डॉक्टरच नाही, तुम्हीआम्हीही फोन करू शकतो. वस्तू, अंदाजे प्रमाण, वेळ, वय आणि वजन एवढं हाताशी ठेवा. (माणूस बेशुद्ध असेल, झटके येत असतील तर आधी 108.)

औषध माहिती सेवा ही याचीच शांत स्वभावाची बहीण. अंगावर पाजणाऱ्या आईला अमुक गोळी चालेल का, दोन औषधं एकत्र घेतली तर काय, असे प्रश्न तिथे येतात. अशा केंद्रांबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन.

तर, पोराला घेऊन मंडळी हॉस्पिटलकडे निघाली. आत्याने घरी राहून चूल उकरली, कारण कचरा तिथेच जातो. अर्धवट जळालेला एक तुकडा मिळाला, त्यावर 'ब्रोमॅडि' एवढंच वाचता येत होतं. तिने फोटो डॉक्टरांना पाठवला. त्यांनी केंद्राशी बोलून दोन दिवसांनी रक्त पुन्हा तपासायचं ठरवलं. तेही नॉर्मल आलं.