दुकानातला एमसीबी सारखा पडतो? हा हिशोब करून बघा

नवीन गाळा घेतला की फर्निचरचा हिशोब आधी होतो. वायरिंग मात्र 'वायरमन बघेल' म्हणून सोडून देतात. खरं तर कुठल्या सर्किटवर किती करंट येणार हे काढणं सोपं आहे: वॅट भागिले 230 व्होल्ट, उत्तर अँपिअरमध्ये.

समजा बेकरी आहे. 20 वॅटचे 12 दिवे, 75 वॅटचे 4 पंखे. एकूण 540 वॅट. करंट अडीच अँपिअरही नाही. तरी हे सगळं एकाच सर्किटवर घेत नाहीत. आपल्याकडे दिवे-पंख्यांच्या सर्किटला 10 पॉइंट किंवा 800 वॅट ही जुनी मर्यादा आहे. इथे पॉइंट 16, म्हणून सर्किटं दोन. एक बंद पडलं तरी निम्म्या दुकानात उजेड राहतो.

खरी गोम ओव्हनची. 3000 वॅट म्हणजे 13 अँपिअर. 16 चा एमसीबी पुरेल असं वाटतं. पण ओव्हन तासन् तास चालतो. अमेरिकेच्या नियमावलीत सलग तीन तास किंवा जास्त चालणाऱ्या भाराला 25 टक्के जादा धरतात. ही सवय इथेही चांगलीच. मग 13 चे 16.3 होतात. म्हणून 20 चा एमसीबी, 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि त्या सर्किटवर दुसरं काहीही नाही.

एमसीबी वायरला वाचवतो, ओव्हनला नाही. 'सारखा पडतो' म्हणून 16 च्या जागी 32 चा बसवला आणि वायर जुनी 2.5 चीच ठेवली, तर एमसीबी पडायचा थांबतो, वायर मात्र भिंतीत तापत राहते. डीबीचं झाकण उघडून एमसीबीवरचा आकडा वाचा. सी32 दिसलं आणि वायर 2.5 ची असेल, तर वायरमनला आजच बोलवा.