चहाडी कीं कर्तव्य ?

शाळेंत चहाडखोर मुलास कोणी जवळ करीत नाहीं. खिडकीची कांच कोणीं फोडली हें साऱ्या वर्गास ठाऊक असतें. पण मास्तरांनीं विचारलें म्हणजे चाळीस मुलें एकदम बाकाकडे पाहूं लागतात. आमची हयात ह्याच दृश्यासमोर गेली, आणि खरें सांगावयाचें तर मुलांच्या त्या मौनाचें आम्हांस मनांतून थोडें कौतुकच वाटत असे. आपल्या शास्त्रकारांनींही पैशुन्य, म्हणजे पाठीमागें दुसऱ्याचीं उणीं सांगत फिरणें, हा दोषच मानला आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायांत दैवी संपत्तीचे जे गुण गणले आहेत, त्यांत अपैशुन हा एक आहे. तेव्हां सोबत्याचा दोष अधिकाऱ्याच्या कानीं घालावा कीं नाहीं, हा प्रश्न आपणांस नवा नाहीं. पण कांचेच्या ऐवजीं शेंदोनशें माणसांचा जीव पणास लागलेला असतो, तेव्हां ह्याच प्रश्नाचें स्वरूप किती पालटतें, हें पाहावयाचें असेल तर वैमानिकांच्या व्यवसायाकडे दृष्टि वळविली पाहिजे.

विमान चालविणारे लोक ह्या प्रश्नावर आपसांत फार दिवसांपासून वाद घालीत आले आहेत. प्रसंग असे असतात : लहानशा विमानतळावरील एखादा हौशी वैमानिक मित्रांस दिपविण्यासाठीं घरांच्या छपरांवरून विमान नेतो, दुसरा, केवळ यंत्रांच्या आधारें उडण्याची परवानगी नसतां, बेधडक ढगांत शिरतो, तिसऱ्याच्या तोंडाला सकाळीं आदल्या रात्रीच्या दारूचा वास येतो. पाहणारे पाहतात, एकमेकांस खुणावतात आणि आपापल्या कामास लागतात. अशा वेळीं सरकारी खात्यास कळवावें कीं गप्प बसावें ?

गप्प बसणारांचा पक्ष अगदींच लेचापेचा आहे, असें कोणीं समजूं नये. ते म्हणतात, विमान पांचशें फुटांवर होतें कीं सातशें, हें खालून पाहणारास नक्की सांगतां येत नाहीं. अशा अंदाजावर एखाद्याचा परवाना, आणि परवान्याबरोबर त्याच्या बायकामुलांचें अन्न, घालवावें काय? दुसरें असें कीं, सरकारी कागदावर नांव एकदां चढलें म्हणजे तें सहसा उतरत नाहीं. तिसरें, ह्याच दारानें जुनीं वैरेंही आंत शिरतात. बढतीच्या चढाओढींत मागें पडलेला मनुष्य सुरक्षिततेचें नांव पुढें करून उट्टें काढूं शकतो. चौथा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. आज आपण एकाचें सांगितलें, तर उद्यां कोणीच आपल्याशीं मोकळेपणानें बोलणार नाहीं. आणि जेथें वैमानिक आपल्या फजितीच्या गोष्टी एकमेकांस सांगेनासे होतात, तेथें शिकणेंच बंद पडतें.

उलट पक्षाचें उत्तर थोडक्यांत आहे. मागें बसलेल्या उतारूस चालकाचा स्वभाव ठाऊक नसतो. तो तिकीट काढतो आणि विश्वासानें डोळे मिटतो. ज्याला धोका ठाऊक आहे, त्यानें ज्याला तो ठाऊक नाहीं त्याच्या वतीनें बोललें पाहिजे. शिवाय अपघात झाल्यावर ‘हें कधीं तरी होणारच होतें’ असे उद्गार काढणारे लोक भेटतात. होणारच होतें हें ज्यांस ठाऊक होतें, त्यांनीं तें आधीं कोणास सांगितलें, ह्याचें उत्तर मात्र त्यांस देतां येत नाहीं.

ह्या वादास व्यवहारांत वळण लागलें तें अमेरिकेंतील एका भीषण अपघातामुळें. १ डिसेंबर १९७४ रोजीं ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स ह्या कंपनीचें ५१४ क्रमांकाचें विमान वॉशिंग्टनकडे येत होतें. वारा आडवा व जोराचा असल्यामुळें त्यास शहराजवळील विमानतळाऐवजीं डलेस येथें उतरविण्याचें ठरलें. विमानतळ ४४ सागरी मैल दूर असतांनाच नियंत्रकानें उतरण्याच्या मार्गास लागण्याची अनुज्ञा दिली. वैमानिकांनीं तिचा अर्थ असा घेतला कीं, आतां १,८०० फुटांपर्यंत खालीं येण्यास हरकत नाहीं. मध्यें डोंगर असता तर नियंत्रकानें सांगितलें असतें. नियंत्रकाची समजूत अशी कीं, डोंगर टाळून उंची राखणें हें वैमानिकाचें काम. ढगांत व वादळी हवेंत तें विमान व्हर्जिनियांतील माउंट वेदर ह्या डोंगरावर आदळलें आणि विमानांतील सर्वच्या सर्व ९२ माणसें मृत्यु पावलीं.

चौकशींत निघालेली गोष्ट ह्याहूनही हृदयद्रावक होती. सुमारें सहा आठवड्यांपूर्वीं युनायटेड एअरलाइन्सच्या एका विमानानें त्याच वाटेवर, त्याच गैरसमजानें, तशीच उतरण घेतली होती. डोंगर थोडक्यांत चुकला होता. त्या वैमानिकांनीं तें आपल्या कंपनीस प्रांजळपणें कळविलें, कारण नांव न फोडतां चुका ऐकून घेण्याची पद्धत त्या कंपनींत त्याच वर्षीं सुरू झाली होती. कंपनीनें आपल्या वैमानिकांस सावध केलें. पण ती सूचना कंपनीच्या कुंपणाबाहेर गेली नाहीं, आणि शेजारच्या कंपनीचे वैमानिक त्याच डोंगराकडे अजाणतां गेले.

पुढच्याच वर्षीं एफ. ए. ए. ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन विमानचालन खात्यानें चुका कळविण्याची योजना काढली. पण वैमानिक बिचकले. ज्याच्या हातांत छडी, त्याच्यापाशींच जाऊन कबुली कोण देणार ? खात्यानें ही अडचण ओळखली, हा त्याचा समंजसपणा होय. १९७६ सालीं हें काम नासा ह्या संस्थेकडे सोंपविण्यांत आलें. नासाजवळ शास्त्रज्ञ होते, पण कोणाचा परवाना काढून घेण्याचा अधिकार नव्हता, आणि नेमकें हेंच हवें होतें. वैमानिक, नियंत्रक किंवा विमानाची दुरुस्ती करणारा कारागीर घडलेली गोष्ट लिहून पाठवितो. कागदाच्या ज्या भागावर नांवपत्ता असतो, तो भाग शिक्का मारून लिहिणारास परत केला जातो. मागें उरते ती नुसती हकीकत. जो दहा दिवसांच्या आंत असें कळवील, ज्याची चूक जाणूनबुजून केलेली नसेल, जींत गुन्हा किंवा अपघात नसेल व ज्याच्या नांवावर गेल्या पांच वर्षांत दुसरा नियमभंग नसेल, त्याचा नियमभंग ठरला तरी त्यास शिक्षा भोगावी लागत नाहीं. ह्या योजनेकडे आजवर पंधरा लाखांहून अधिक हकीकती आल्या आहेत. ब्रिटननेंही १९८२ सालीं चर्प नांवाची अशीच व्यवस्था उभारली.

परंतु एवढ्यानें प्रश्न मिटला नाहीं. नांव काढून टाकलेल्या हकीकतीनें चुकीचा मार्ग बुजवितां येतो. उद्दाम मनुष्यास आवरतां येत नाहीं. चूक निराळी आणि मस्ती निराळी. दुसरीचें उदाहरण अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यांतील फेअरचाइल्ड ह्या लष्करी विमानतळावर घडलें. तेथें लेफ्टनंट कर्नल आर्थर हॉलंड हा बी-५२ ह्या प्रचंड बाँबफेकी विमानाचा निष्णात वैमानिक होता. इतर वैमानिकांची परीक्षा घेणाऱ्या शाखेचा तोच प्रमुख. त्याच्या कौशल्याविषयीं शंका नव्हती. शंका होती ती संयमाविषयीं. १९९१ पासूनच्या हवाई प्रदर्शनांत तो विमान नियमाबाहेर कलवी व नियमाबाहेर खालीं आणी. वरिष्ठ बदलत गेले. फार तर तोंडी कानउघाडणी होई. कागदावर कांहीं राहत नसे, म्हणून नव्या वरिष्ठास तो दर वेळीं पहिलाच अपराध वाटे.

मार्च १९९४ मध्यें याकिमा येथील सरावांत त्यानें तें विमान टेकडीच्या माथ्यावरून अवघ्या कांहीं फुटांच्या अंतरानें नेलें. ह्यानंतर त्याच्याबरोबर उडण्यास वैमानिक नाखूष झाले. त्यांच्या तुकडीचा अधिकारी, लेफ्टनंट कर्नल मार्क मॅकगीहन, वरिष्ठाकडे गेला आणि हॉलंडला विमानावरून उतरवावें, अशी त्यानें स्पष्ट मागणी केली. वरिष्ठानें हॉलंडला समज दिली, पुन्हां असें न करण्याचें वचन घेतलें, आणि मागणी नाकारली. तेव्हां मॅकगीहननें ठरविलें कीं, आपल्या हाताखालील कोणास हॉलंडबरोबर पाठवावयाचें नाहीं. जावयाचेंच झालें तर शेजारीं आपण बसावयाचें. २४ जून १९९४ रोजीं, प्रदर्शनाच्या सरावाच्या वेळीं, तो असाच शेजारीं बसला होता. नियंत्रण-मनोऱ्याभोंवतीं सुमारें २५० फुटांवर घेतलेल्या वळणांत विमान पार आडवें झालें व कोसळलें. आंतील चौघेही अधिकारी ठार झाले. मॅकगीहनचीं पत्नी व मुलें जवळूनच पाहत होतीं. मागणी नाकारणाऱ्या वरिष्ठानें पुढें लष्करी न्यायालयापुढें कर्तव्यांत कसूर केल्याचें कबूल केलें.

ह्या हकीकतींत सांगणारा होता. त्यानें योग्य ठिकाणीं, योग्य वेळीं व स्वतःच्या नांवानें सांगितलें होतें. ऐकणारा मात्र नव्हता. म्हणून कळवावें कीं नाहीं, एवढाच प्रश्न विचारून भागत नाहीं. कळविलेलें ऐकून त्याचें काय करावयाचें, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

आमच्या मतें ह्या बाबतींत पायरीपायरीनें जाणें हाच शहाणपणाचा मार्ग होय. पहिली पायरी म्हणजे त्या मनुष्यास एकांतांत गांठून स्पष्ट बोलणें. पुष्कळांस आपलें वर्तन दुसऱ्यास कसें दिसतें ह्याची कल्पनाच नसते. दुसरी पायरी व्यवसायांतील वडील माणसांची. अमेरिकेंतील वैमानिकांच्या संघानें ह्यासाठीं अनुभवी वैमानिकांच्या समित्या नेमल्या आहेत; त्या उभय पक्षांशीं गुप्तपणें बोलतात व मालकास न कळवितां प्रकरण मिटवूं पाहतात. एवढ्यानेंही भागलें नाहीं, तर खातें आहेच. आणि तेथें जातांना डोळ्यांनीं पाहिलेलें तेवढेंच, दिनांक-वेळेसह, लिहून द्यावें. नशेंत असलेला वैमानिक विमानाकडे निघाला असेल तर मात्र पायऱ्या मोजीत बसण्यास सवड नसते. त्याला तेथेंच थांबविलें पाहिजे.

असें कळविणें हें पैशुन्य खचित नव्हे. ज्याच्या हातीं दुरुस्ती नाहीं अशापुढें, ऐकीव गोष्टीवर, आपल्या लाभासाठीं सांगितलेली उणीव ती चहाडी. ज्याच्या हातीं उपाय आहे त्याच्यापुढें, प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट, परक्यांचे जीव वांचावे म्हणून सांगणें हें कर्तव्य होय. आणि त्यानें पुष्कळदां त्या दोषी सोबत्याचाही जीव वांचतो.

हें सारें परदेशांतलें, असें म्हणून आपण मोकळे होऊं शकत नाहीं. २२ मे २०१० रोजीं दुबईहून आलेलें एअर इंडिया एक्सप्रेसचें विमान मंगळूर येथें धावपट्टी ओलांडून दरींत कोसळलें व १५८ माणसें दगावलीं. उतरणें सोडून पुन्हां वर चलावें, असें सहवैमानिकानें एकाहून अधिक वेळां सुचविलें होतें. मुख्य वैमानिकानें तें मानलें नाहीं, असें चौकशींत निघालें. वडिलांपुढें धाकट्यानें जपून बोलावें, हा आपला संस्कार चांगलाच आहे. पण धाकट्याचें वडिलांनीं ऐकावें, हा त्याचा दुसरा भाग आपण मुलांस शिकवितों काय? आजोबांनीं मोटार हांकणें आतां थांबवावें, असें नातवानें म्हटलें, किंवा स्वयंपाकघरांत गॅसचा वास येत असल्याचें धाकट्या सुनेनें सांगितलें, तर ‘तुला कोणीं विचारलें ?’ हे शब्द आपल्या तोंडीं प्रथम येतात कीं काय, हें प्रत्येक कर्त्या पुरुषानें व गृहिणीनें आठवून पाहावें. जेथें असें उत्तर मिळतें, तेथें दुसऱ्या वेळीं कोणी सांगावयास येत नाहीं. आणि घरांतील सारीं माणसें, वर्गांतील त्या चाळीस मुलांप्रमाणें, बाकाकडे पाहूं लागतात.