घाटात काटा चढतोय? आधी गळती शोधा

पावसाळा लागला की पौड, मुळशी धरण, ताम्हिणी अशी गाड्यांची रांग लागते. पहिल्या-दुसऱ्या गिअरचा चढ, त्यात एसी चालू. कूलंट कमी असेल तर तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकलाच म्हणून समजा.

कूलंट बंद चक्रात फिरतं. टॉप-अप करूनही पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर ते कुठूनतरी गळतंय. इंजिन पूर्ण गार असताना हे तपासा:

🔹 रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरा. एसीचं पाणी बेरंग असतं. कूलंट हिरवं, गुलाबी किंवा निळं आणि चिकट.
🔹 होज पाइपची टोकं, क्लिपा, रेडिएटरचे सांधे बघा. वाळलेला पांढरट थर दिसला की तिथून झिरपतंय.
🔹 वॉटर पंपाखाली ओघळ? आतलं सील गेलं असणार.
🔹 डॅशबोर्डखालचं कार्पेट ओलं, गोडसर वास? हीटर कोअर.
🔹 बाहेर थेंबही नाही, पण सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, ऑइल चहासारखं दुधाळ? हेड गास्केट. गाडी टो करूनच न्या.

रेडिएटरचं झाकणही महत्त्वाचं. त्याने धरलेल्या दाबामुळे कूलंट १०० अंशांच्या बरंच पुढे जाऊन उकळतं. झाकणाचं रबर गेलं की आधीच उकळतं. काहीच सापडलं नाही तर गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करा.

घाटात काटा चढलाच तर एसी बंद, हीटर फुल्ल, सुरक्षित जागी थांबा. गरम झाकणाला मात्र हात लावू नका!